रिकाम्या जागेचे ऋण

मराठी भाषेला रिकाम्या भूमीसाठी शब्दांची वाण नाही. नांगराखालून सुटलेली जमीन पडीक. माणसांनी सोडलेले गाव ओसाड. महसुलाच्या दप्तरात ज्याचे नाव उरले पण वस्ती उरली नाही ते रीठ, म्हणजे आपल्या वऱ्हाड-नागपूरकडील बोलीत रिठी. आणि जेथे सांजवात लावायलाही कोणी राहिले नाही ते बेचिराग. या शेवटच्या फारसी शब्दाचा मूळ अर्थ ‘दिव्यावाचून’ एवढाच आहे. मराठी कानाने त्यात ‘राख’ ऐकली आणि त्याचे ‘बेचिराख’ करून टाकले. जुन्या लोकांनी भूमीचे दोनच वर्ण मानले होते: पिकणारी ती काळी आणि वसणारी ती पांढरी. गाव उठून गेले तरी पांढरीची माती पांढरीच राही. चुलीची राख, गोठ्याचे शेण आणि पडलेल्या भिंतींची माती तिच्यात मुरलेली असे, आणि नांगरणाऱ्याला फाळाखाली कळे की येथे कधीकाळी घर होते.

या सर्व शब्दांत एक गोष्ट समान आहे. जागा रिकामी होण्याचे कारण त्यांत बाहेरून येते. दुष्काळ पडतो, पटकी येते, पेंढारी येतात, नदी पात्र बदलते, आणि माणसे निघून जातात. परंतु आपल्या काळाने रिकाम्या जागेचा एक असा प्रकार निर्माण केला आहे की ज्याला अद्याप आपल्या भाषेत नाव नाही. तेथे घर उभे होते. घरात माणसे राहत होती. याहून चांगले घर देऊ, असे सांगून ते पाडण्यात आले. नंतर बाजार उतरला, पैसा आटला, आणि दुसरे घर आलेच नाही. उरली ती पत्र्याच्या कुंपणाआडची, तण माजलेली जागा. तिला पडीक म्हणता येत नाही, कारण तिच्यावर कोट्यवधींचे कर्ज असते. तिला ओसाड म्हणता येत नाही, कारण तिच्या चारी बाजूंना माणसे दाटीने राहत असतात. रीठही म्हणता येत नाही, कारण तिचे रहिवासी हयात असतात आणि कोठल्यातरी भाड्याच्या खोलीत तिच्या बातमीची वाट पाहत असतात.

अशा जागेचे देणे कोणाकडे निघते, हा या लेखाचा प्रश्न आहे. वरवर पाहता तो प्रश्नच नाही असे वाटेल. रहिवाशांच्या सह्या होत्या, शासनाची मंजुरी होती, आराखडा होता. बाजार पडला, आणि बाजार पडणे हा कोणा एकाचा अपराध नव्हे. मग घडले त्याला दुर्दैव म्हणावे की अन्याय? हा भेद शाब्दिक नाही. दुर्दैवाला सहानुभूती पुरते. अन्यायाला भरपाई लागते. एखाद्या आपत्तीला आपण कोणते नाव देतो यावरच आपण केवळ हळहळायचे की काही चुकते करायचे, हे ठरते.

उदाहरणासाठी दूर जावयास नको. मुंबईत गोरेगावच्या पश्चिमेस सिद्धार्थनगर नावाची वसाहत होती. छपरावरून लोक तिला पत्राचाळ म्हणत. सुमारे ४७ एकर भूमीवरील या वसाहतीत ६७२ भाडेकरू कुटुंबे होती. २००८ साली म्हाडा, रहिवाशांची संस्था आणि गुरू आशिष कन्स्ट्रक्शन ही विकासक कंपनी यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. या कुटुंबांना नवी घरे द्यावयाची, म्हाडाला तिच्या वाट्याची घरे बांधून द्यावयाची, आणि उरलेल्या क्षेत्रावर बांधकाम करून ते विकावयाचे, असा त्याचा आशय होता. नवे घर मिळेपर्यंत रहिवाशांना भाडे मिळणार होते. चाळी पाडल्या गेल्या, माणसे पांगली. काम रेंगाळले, पुढे थांबले, आणि भाडेही थांबले. २०१८ साली म्हाडाने करार रद्द केला. विकासक ज्या समूहातील होता तो एचडीआयएल समूह २०१९ साली दिवाळखोरीच्या कारवाईत गेला. अखेर शासनाने प्रकल्प आपल्या हाती घेतला आणि २०२२ च्या आरंभी म्हाडामार्फत काम पुन्हा सुरू झाले. करारापासून मोजले तर चौदा वर्षे होतात. करार झाला तेव्हा जे मूल चार वर्षांचे होते ते काम पुन्हा सुरू होताना मतदार झालेले होते. त्याच्या अख्ख्या बालपणाचा पत्ता भाड्याचा होता.

या प्रकरणात गैरव्यवहाराचे आरोप झाले आणि ते तपासयंत्रणा व न्यायालये यांच्यापुढे गेले. त्यांचा निवाडा तेथेच होईल. आपल्या प्रश्नासाठी ते बाजूला ठेवलेलेच बरे. कारण जेथे कोणी लुबाडले तेथे नैतिक निर्णय सोपा असतो. अवघड प्रसंग तो, जेथे कोणीही लुबाडलेले नाही, तरीही घर गेलेले आहे. असे प्रसंग थोडेथोडके नाहीत. सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस ही वित्तसंस्था देणी चुकविण्यास असमर्थ ठरली, बिगरबँक वित्तसंस्थांकडून बांधकामाला मिळणारा पैसा आखडला, आणि देशभर अर्धवट सांगाडे उभे राहिले. एकट्या मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनाच्या पाचशेहून अधिक रखडलेल्या योजना मार्गी लावण्यासाठी २०२२ साली शासनाला विशेष योजना आणावी लागली. इतके सारे विकासक एकाच वेळी दुर्जन निघाले असे मानणे भाबडेपणाचे होईल. त्यांतील कित्येकांचे गणित खरोखरच चुकले असेल.

परंतु गणित चुकणे आणि गणित चुकू शकते याचा विचारच न करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुंबईने पहिली मोठी मंदी १८६५ साली पाहिली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ पासून कापसाचे भाव चढले, त्या पैशावर समुद्र हटवून जमीन काढण्याच्या कंपन्या निघाल्या, आणि युद्ध संपताच बॅक बे कंपनीसह त्यांतील अनेक कोसळल्या. आपल्या मँगनीजच्या मुलखाला तर हा धडा कोणी शिकवायला नको. १९३० नंतरच्या जागतिक मंदीत पोलादाची मागणी घसरली तेव्हा मध्यप्रांतातील अनेक खाणी बंद पडल्या आणि खाणीच्या आधाराने वाढलेल्या वस्त्यांच्या पोटावर पाय आला. तेव्हा मंदी अनपेक्षित असते हे म्हणणे खरे नाही. तिची तिथी ठाऊक नसते, इतकेच. मरणाची तिथी ठाऊक नाही म्हणून शहाणा माणूस मृत्युपत्र करायचे टाळत नाही. उलट त्याच कारणासाठी तो ते करून ठेवतो.

येथे मुंबईच्याच इतिहासातील एक उलटे उदाहरण उद्बोधक आहे. पहिल्या महायुद्धानंतरच्या तेजीत, गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत, १९२० साली मुंबई विकास खाते स्थापन झाले. कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधण्याचा त्याचा संकल्प होता. तेजी ओसरली आणि संकल्प आवरता घ्यावा लागला. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी व सुमारे १६,००० खोल्या झाल्या. भाडे परवडेना, जागा गिरण्यांपासून दूर वाटे, त्यामुळे झाल्या त्याही खोल्या वर्षानुवर्षे मोठ्या प्रमाणात रिकाम्या राहिल्या. कायदेभंगाच्या चळवळीत वरळीच्या चाळींचा तुरुंग म्हणूनही उपयोग करण्यात आला. त्या काळच्या टीकाकारांनी या योजनेची यथेच्छ टवाळी केली. आणि तरीही पुढे काय झाले? त्याच रिकाम्या खोल्यांत कोकणातून आणि घाटावरून आलेली हजारो मराठी कुटुंबे राहिली, तेथे गणपती बसले, व्यायामशाळा निघाल्या, संपांच्या सभा झाल्या, तीन-तीन पिढ्या वाढल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ रहिवाशांना नव्या इमारतींतील घरांच्या किल्ल्या मिळाल्या, तोवर त्या चाळींनी शंभरी गाठलेली होती.

यातून जे निष्पन्न होते ते माझ्या मते या विषयाचे मर्म आहे. बांधण्याची चूक आणि पाडण्याची चूक या समान मापाच्या नसतात. मंदीच्या तोंडावर कोणी घर बांधले, तर त्याचे पैसे बुडतील, पण घर राहील, आणि आज ना उद्या त्यात कोणाचा तरी संसार मांडला जाईल. मंदीच्या तोंडावर कोणी घर पाडले, तर गेलेली गोष्ट परत येण्याचा मार्ग राहत नाही. बांधणारा चुकतो तेव्हा मुख्यतः स्वतःचे गमावतो. पाडणारा चुकतो तेव्हा मुख्यतः दुसऱ्याचे गमावतो. म्हणून पाडणाऱ्यावर बांधणाऱ्यापेक्षा अधिक काळजी घेण्याची जबाबदारी येते. शल्यवैद्य आणि शिंपी दोघेही कापतात, परंतु दोघांकडून आपण सारख्याच सावधगिरीची अपेक्षा करीत नाही.

यावर पहिला आक्षेप संमतीचा घेतला जातो. रहिवाशांनी स्वतः सह्या केल्या, नवे घर हवे म्हणून आनंदाने केल्या. मग आता तक्रार कसली? या युक्तिवादात एक गफलत आहे. त्यांनी संमती दिली ती अदलाबदलीला, त्यागाला नव्हे. जुने द्यावे आणि नवे घ्यावे ही एकच क्रिया होती. तिचे दोन तुकडे पाडून पहिल्या तुकड्याला संमती होती असे म्हणणे म्हणजे बाजारात आगाऊ पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाने ते दान केले असे म्हणण्यासारखे आहे. दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. अदलाबदलीत दोघांनी एकाच वेळी हात पुढे करावयाचे असतात. येथे एका पक्षाने आपले सर्वस्व पहिल्याच दिवशी दिले आणि दुसऱ्याने केवळ शब्द दिला. त्या क्षणापासून हा व्यवहार समानांमधला राहिला नाही. एक धनको झाला, दुसरा ऋणको. आणि नवल असे की या व्यवहारात धनकोच दारोदार फिरतो.

दुसरा आक्षेप जोखमीचा. उद्योगात जोखीम असायचीच. ती कोणीतरी सोसली पाहिजे. हे मान्य आहे, पण ‘कोणीतरी’ म्हणजे कोण हा प्रश्न उरतोच. न्यायाचे एक साधे सूत्र असे की, ज्याला लाभाचा मोठा वाटा मिळणार त्याने हानीचाही मोठा वाटा उचलावा. तेजी राहिली असती तर चाळकऱ्याला करारातले ठराविक घर मिळाले असते, त्याहून एक वीतही अधिक नाही. चढलेल्या भावाचा सारा नफा विक्रीच्या इमारतींतून इतरांकडे गेला असता. मंदी आली तेव्हा मात्र छप्पर गेले ते चाळकऱ्याचे. ज्याला चढाचा वाटा नव्हता त्याच्या माथी उताराचा सर्वांत मोठा वाटा आला. याला दुर्दैव म्हणणे म्हणजे व्यवहाराची रचना करणाऱ्याला त्याच्या रचनेपासून मोकळे करणे होय. पाऊस हे दैव असेल. पण छत्री कोणाच्या हाती ठेवायची हे माणसांनीच ठरविलेले असते.

आता रिकाम्या जागेकडे मालकीच्या दृष्टीने पाहू. सतराव्या शतकातील इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक हा खाजगी मालमत्तेचा मोठा कैवारी म्हणून ओळखला जातो. श्रम मिसळल्याने वस्तू आपली होते, हे त्याचे मत प्रसिद्ध आहे. पण त्याच विवेचनात त्याने एक अट सांगितली आहे, तिचा उल्लेख क्वचित होतो. कुंपण घातलेल्या जमिनीवरचे गवत जर तेथेच कुजले आणि झाडाचे फळ न वेचता नासले, तर कुंपण असूनही ती भूमी ओसाडच समजावी आणि दुसऱ्याने ती घ्यावी, असे आरंभीच्या मानवी स्थितीबद्दल त्याने म्हटले आहे. म्हणजे मालमत्तेच्या या कैवाऱ्याच्या मतेही निव्वळ कुंपण मालकीला पुरेसे नव्हते. आपल्याकडे गांधीजींनी मांडलेली विश्वस्ततेची कल्पना अगदी वेगळ्या वाटेने जवळजवळ याच ठिकाणी येते: धारण करणे हे सांभाळण्यासाठी आहे. दोन इतक्या भिन्न प्रवृत्तींची माणसे एका मुद्द्यापाशी येतात तेव्हा त्या मुद्द्यात काही तथ्य असले पाहिजे.

तथापि लॉकच्या विचारात एक धोकाही आहे, आणि आपल्यासारख्या वसाहतकऱ्यांच्या वंशजांनी तो विशेष लक्षात घेतला पाहिजे. भूमीला ओसाड ठरविण्याचा अधिकार कोणाचा? बैहर-परसवाड्याच्या पठारावर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मण नायकाने पहिली गावे वसविली, आणि १८६७ साली बालाघाट जिल्हा झाल्यावर इंग्रज अधिकाऱ्यांनी पठारावर शेतकरी आणून वसविण्यास उत्तेजन दिले, असा इतिहास आपण वाचतो. दप्तरात त्या भूमीचे वर्णन रिकामी, निरुपयोगी असे होते. परंतु त्या रिकाम्या भूमीत गोंड आणि बैगा राहत होते. बैगांची बेवर शेती जागा बदलत फिरत असे, म्हणून महसुलाच्या डोळ्याला ती शेती दिसली नाही. आपले पूर्वज कोणी भोसल्यांच्या अमलात, कोणी मध्यप्रांताच्या कचेरीत, कोणी पुढे खाणीच्या नोकरीत या मुलखात आले आणि त्यांनी प्रामाणिक कष्टाने घरे उभारली, याचा अभिमान अवश्य असावा. पण ज्या पांढरीवर ती उभी राहिली ती अगदी कोरी होती असे समजू नये. महाभारतकारांना हे सत्य ठाऊक होते. इंद्रप्रस्थ वसविल्यानंतर खांडववन जाळण्यात आले. तेथूनच वाचलेल्या मयाने पांडवांना अप्रतिम सभा बांधून दिली. पण ज्याचे घर जळाले त्या तक्षकाचे देणे चुकते झाले नव्हते. ते परीक्षितापर्यंत आणि जनमेजयाच्या सर्पसत्रापर्यंत पोहोचले. उत्तम इमारत हे पाडलेल्या घराच्या ऋणाचे परस्पर समायोजन नव्हे, असाच त्या कथेचा एक अर्थ मी लावतो.

जगात अन्यत्र काय झाले हेही पाहावे. मँगनीजवाचून पोलाद नाही आणि पोलादावाचून मोटार नाही. त्या मोटारीचे माहेरघर म्हणजे अमेरिकेतील डेट्रॉइट. १९५० साली या शहराची लोकसंख्या साडेअठरा लाखांच्या आसपास होती; २०२० च्या जनगणनेत ती सुमारे ६ लाख ३९ हजार भरली. कारखाने गेले, माणसे गेली, आणि २००८ च्या सुमारास अमेरिकेत घरांचा बाजार कोसळला तेव्हा उरलीसुरली घरेही जप्तीत गेली. जुलै २०१३ मध्ये या शहराने दिवाळखोरी जाहीर केली. त्यानंतर सार्वजनिक पैशातून हजारो रिकामी घरे पाडण्यात आली, कारण तेथे आगी लागत, गुन्हे होत, शेजाऱ्यांना राहणे कठीण होई. येथे पाडण्यामागे नव्या घराचे वचन नव्हते. अंत झाला हे मान्य करून केलेला तो अंत्यसंस्कार होता. पुढे शहराच्या भूमिपेढीने एक लक्षणीय प्रथा पाडली. ज्याच्या घराला लागून अशी मोकळी जागा असेल त्या शेजाऱ्याला ती अवघ्या १०० डॉलरना विकत मिळू लागली. जो तिथले गवत कापील, तिथे भाजी लावील, त्याची ती जागा. या प्रथेत लॉकचा शहाणपणाचा भाग उतरला आहे. पण ऋणाचा भाग तिने फेडला असे म्हणता येत नाही. कारण त्या शहरातील अनेक घरे थकलेल्या करापोटी जप्त झाली होती, आणि ती कर-आकारणीच वाजवीपेक्षा अधिक होती हे नंतर उघड झाले. शेजाऱ्याला परसबाग मिळाली, पण घर ज्याचे गेले त्याला काय मिळाले? रिकाम्या जागेची निगा राखणे आणि रिकाम्या जागेचे ऋण फेडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली केल्याने दुसरी झाल्याचे समाधान फार लवकर मिळते.

या प्रश्नाचे उत्तर ज्या व्यवसायाने बऱ्याच अंशी शोधले आहे तो व्यवसाय आपल्या दाराशीच आहे. उकवा आणि भरवेली येथील मॉयलच्या खाणी भूमिगत आहेत. धातू काढून घेतल्यावर पोटात जी पोकळी उरते ती तशीच सोडून चालत नाही. वरची जमीन खचते, आत काम करणाऱ्याच्या जिवावर बेतते. म्हणून पाण्याबरोबर वाळू सोडून ती पोकळी भरीत जावे लागते. खाणीतली माणसे त्याला ‘स्टोइंग’ म्हणतात. जितके काढले तितके भरावे, आणि भरत भरतच पुढचे काढावे, असा हा क्रम आहे. खाणीचे काम संपेल तेव्हा काय करायचे याचाही विचार आधीच व्हावा म्हणून २००३ साली खनिजविषयक नियमांत दुरुस्ती झाली. खाण बंद करण्याचा आराखडा आणि त्यासाठी आर्थिक हमी खाणमालकाकडून घेण्याची तरतूद आली. ही तरतूद सर्वत्र मनापासून पाळली जाते असा दावा कोणी करणार नाही. पण तिच्यामागील विचार निर्विवाद आहे: पोकळी करण्याची परवानगी हवी असेल तर ती भरण्याची तजवीज अगोदर दाखवा. शहरातील घर पाडणे ही अशीच पोकळी करणे आहे, आणि तिच्यावरही लोकांचे जीव तोललेले असतात. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने खरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवण्याचे बंधन घातले, हे मोठेच पाऊल. परंतु त्या कायद्याचे मुख्य लक्ष घर विकत घेणाऱ्याकडे आहे. ज्याने पैसे न देता आपले राहते घरच दिले, तो ग्राहकाच्या व्याख्येत नीट बसत नाही. ज्याने सर्वांत अधिक दिले त्याचीच पावती फाडायची राहून गेली आहे.

येथे कोणी म्हणेल की, इतक्या अटी घातल्या तर कोणी जुन्या इमारतीला हातच लावणार नाही, आणि माणसे मोडक्या छपराखाली मरतील. हा आक्षेप हलक्याने घेण्यासारखा नाही. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबईत भेंडीबाजार परिसरातील हुसेनी इमारत कोसळली आणि तीसहून अधिक माणसे दगावली. ती इमारत पुनर्विकासाच्या योजनेत होती. न पाडणे हेही कधी कधी प्राणघातक असते. म्हणून माझे म्हणणे पाडू नये असे नाही. पाडणाऱ्याने ऋणको म्हणून पाडावे, असे आहे. ऋणको म्हणून पाडणे याचा अर्थ तीन गोष्टी. दुसरे छप्पर मिळेपर्यंतच्या छपराचा खर्च त्याने आधीच वेगळा काढून ठेवावा, तो पुढच्या विक्रीच्या भरवशावर ठेवू नये. काम कोठवर आले हे त्याने खरेखरे सांगत राहावे. कारण वाट पाहणाऱ्याला विलंबापेक्षा अनिश्चितता अधिक पोखरते. आणि वचन पुरे करणे अशक्य झाले तर जागा कुंपणाआड धरून न ठेवता ज्यांची होती त्यांच्या हाती, निदान त्यांच्या निर्णयाखाली, परत द्यावी. यांपैकी एकही गोष्ट तेजीवर अवलंबून नाही. बाजार पडल्याने वचनाचे मोल वाढते, ते रद्द होत नाही.

हा सारा विचार मुंबईच्या विकासकांना उद्देशून लिहिण्यात आपल्याला एक प्रकारचे सुख वाटण्याचा संभव आहे. दूरच्याच्या दोषांवर निबंध लिहिणे नेहमीच सोपे असते. म्हणून शेवटी आपल्या अंगणाकडे वळले पाहिजे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर राजधानीपासून आणि आपल्यापासून एकदमच सुटले. १९५१ साली मालगुजारी संपलेलीच होती. तेव्हापासून बालाघाट, वारासिवनी, कटंगी, लांजी आणि आपल्या खाणीच्या गावांतील मराठी घरांची मुले नागपूर, पुणे, मुंबई आणि त्याही पलीकडे गेली. जाणे रास्तच होते. मागे राहिलेल्या वाड्यांपैकी काही पडले, काही आपणच पाडले: भावाभावांत वाटणी सोपी जावी म्हणून, भाव येईल म्हणून, पुढेमागे मुले परत येऊन बंगला बांधतील म्हणून. मुले आली नाहीत. भावही बहुधा मनासारखा आला नाही. बाजाररस्त्यावर दोन नांदत्या घरांच्या मध्ये तुटलेला दात असावा तशी जागा उरली, आणि तिच्या सातबाऱ्यावर, म्हणजे आपल्या इकडच्या खसऱ्यात, सात वारसांची नावे चढली. ती आपली मालमत्ता आहे, आपण तिचे काही करावे अथवा न करावे, असे आपण म्हणतो. कायद्याने ते खरेही आहे.

पण त्या जागेचेही देणे आहे. ते शेजाऱ्याला आहे, ज्याच्या भिंतीचा आधार गेला आणि ज्याच्या दारात आपले तण आणि आपले साप येतात. ते गावाला आहे, ज्याने त्या घराला तीन पिढ्या घरपण दिले. ते वाड्यात राबलेल्या, मागच्या खोलीत राहिलेल्या त्या कुटुंबालाही आहे, ज्याचे नाव कोणत्याच खसऱ्यात चढले नाही आणि वाडा पडताना ज्याला कोणी विचारले नाही. हे देणे फेडण्यासाठी पुनश्च वाडा बांधण्याची आवश्यकता नाही. जागा वाचनालयाला, अंगणवाडीला वापरू देता येईल. एखाद्या घर नसलेल्या कुटुंबाला वाजवी मोलाने देता येईल. निदान वारसांनी एकत्र बसून निर्णय तरी करता येईल. न केलेला निर्णय हेच बहुतेक वेळा तिथले खरे कुंपण असते.

पांढरीच्या मातीत राख असते, असे आरंभी म्हटले. ती राख विध्वंसाची नसून चुलीची असते, हे विसरता कामा नये. जेथे कोणी अन्न शिजविले, दिवा लावला, तेथली भूमी पुन्हा कधीही नुसती जमीन होत नाही. तिला मोकळी करण्याचा अधिकार माणसाला असेल. पण ती मोकळी करताना तो ऋणमुक्त होत नाही, नेमका तेथूनच ऋणी होऊ लागतो.